पासंग

सियागंजात हकीमुद्दीनच्या वखारीत गेलो होतो,
पितळी पट्ट्या हव्या होत्या,
लग्नपत्रिकेच्या चौकटीसाठी.
त्याच्या तराजूच्या हलक्या पारड्याखाली
सुतळीनं बांधलेला एक काळा ठोकळा लोंबत होता.
पासंग, म्हणाला. वडिलांच्या वेळचा.
मी अंगठ्यानं घासला
तर शाईच्या थराखालून एक गुडघा वर आला.

बदल्यात शिशाचे मोडके खिळे दिले, मूठभर.
त्यानं जोखून पाहिले, बांधले.
"घेऊन जा भिया,
लाकडाचं काय, लाकूडच."

रात्री रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश.
आधी नुसता काळोख, मग त्यात केसाएवढ्या रेघा,
उलट्या जगातलं एक मूल
गुडघे टेकून बसलेलं, हात जोडलेले.
(जोडलेल्या हातांचं एक बरं असतं,
आरशात गेले तरी उलटे होत नाहीत.)
डोक्यावर एक तारा.
पाठीमागे दोन ढग, खांद्यांना जरा जास्तच चिकटून.
खाली उजव्या कडेला चार-पाच पाती गवत.

मागच्या बाजूला मोडी होती.
मला मोडी म्हणजे मुंग्यांची रांग.
पोतनीसबाईंकडे नेला, जुनी इंदूरला.
दप्तरखान्यातून निवृत्त होऊन बाईंना वीस वर्षं झाली,
भिंग अजून उशाशी.
त्यांनी भाजीचा हिशेब वाचावा तसं वाचलं:

*छावणीतील मिशन यांजकरिता. देवदूत एक,
आजारी मुलाचे उशाशी. पंख भरून.
हस्ते सटवाजी कासार. सव्वा रुपया.*

आणि खाली, फिकट शाईत, तोच हात:

*मूल कापून वेगळे केले. पंख काढले.
तारा दिला. ध्रुव.
चार आणे.*

बाईंनी भिंग पुसलं.
"चार आण्यांत फार केलं हो," म्हणाल्या,
आणि चहा टाकायला उठल्या.

मी कडेवरून बोट फिरवलं. खरंच, करवत.
तीन बाजू रंध्यानं गुळगुळीत,
चौथी खरखरीत, घाईची.
लाकडात काही वाढवता येत नाही.
जे हवं ते काढूनच मिळतं.
तारा म्हणजे सुईच्या टोकाएवढा खड्डा.
ढग म्हणजे पिसं खरवडून गेल्यावर उरलेली जागा.
सटवाजीला देवदूत ठाऊक नव्हता,
पण बदक ठाऊक असणार, कान्ह नदीवरचं,
आणि पिसू किती बारीक असतं तेही.
ती पिसं कोरायला त्याला किती दिवस लागले असतील,
काढायला मात्र एक दुपार.
दोन्ही पुस्तकांतली मुलं
"आई, हा कोण?" म्हणाली असतील.
दोघांनाही उत्तर मिळालं असेल.

छापखान्यात आता ठसे दाबणारं यंत्र नाही.
शाई लावली, पत्रिकेचा उरलेला हळदी कागद ठेवला,
आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं घासत राहिलो,
मनगट दुखेपर्यंत, जरुरीपेक्षा जास्त.
यंत्र खड्ड्यात उतरत नाही.
चमचा उतरतो.

कागद उचलला.
ढगात पिसं होती.
पुसट, तीन-चार ओळी,
सटवाजीची पटाशी जिथे खोल गेली नाही
किंवा त्यानं नेली नाही.

गवत मात्र गवत नव्हतं.
चार बोटं आणि एक अंगठा,
देवदूताच्या अंगरख्याची कड धरलेली.
करवत मनगटावरून गेली होती.
ध्रुवाच्या पुस्तकात कुणाला कळलं नसेल.
अरण्यात गवत असतंच.

दुसऱ्या दिवशी हकीमुद्दीनचा फोन.
शिसं जड पडतंय, गिऱ्हाईक भांडतंय,
"ते लाकूडच बरोबर होतं भिया.
एक रती इकडे नाही, तिकडे नाही.
परत देता का?"

बघतो, म्हणालो.
शाई अजून ओली होती.